नवव्या तारेचे ठोके

४ जून

ती. आत्या,

नमस्कार. वाकून करायला इथे टेबलाखुर्चीच्या मध्ये जागा नाही, उभ्याने केलेला गोड मानून घे. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस.

तुझ्या खिडकीसमोरचा आमचा पूल आता जवळजवळ पुरा झालाय. मधला उंच खांब, त्याच्यापासून दोन्हीकडे तिरप्या उतरणाऱ्या बावीस केबल, आणि त्यांनी उचलून धरलेला रस्ता. त्या केबल माझ्या जबाबदारीच्या. एक सप्टेंबरला उद्घाटन आहे. त्याआधी, वीस ऑगस्टपर्यंत, "केबल सुरक्षित आहेत" या कागदावर माझी सही लागते आणि ती मला करवत नाही.

एप्रिलमध्ये मी पुलावर होते तेव्हा पाऊस अगदी बारीक होता आणि वारा छत्री उलटी न करण्याइतका. तेवढ्यात नववी, दहावी आणि अकरावी या तीन केबल हातभर वर-खाली व्हायला लागल्या. मी मोठ्या साहेबांना सांगितलं. त्यांनी दोनदा पाहणी केली, एकदा सोसाट्याच्या वाऱ्यात आणि एकदा धो धो पावसात. दोन्ही वेळा केबल पाहुण्यांसमोर बसलेल्या मुलांसारख्या गप्प. "एवढ्या वादळात हलल्या नाहीत, त्या तुमच्या झुळुकीत हलल्या?" साहेब म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

पण त्या झुळुकीतच हलतात, आत्या. बारीक पावसाचं पाणी तिरप्या केबलवरून ओघळतं. बेताचा वारा त्या ओघळाला केबलच्या वरच्या अंगाला चिकटवून ठेवतो. मग गोल केबल गोल राहत नाही, आणि वाऱ्याला तिला उचलायला, सोडायला जागा सापडते. वारा वाढला की ओघळच उडून जातो, आणि धो धो पावसात तो एका जागी ठरत नाही. उपाय साधा आहे. दार आपटू नये म्हणून वर तेलाची नळी बसवतात ना, तशीच मोठी नळी केबलच्या पायथ्याजवळ बसवायची. तिला डँपर म्हणतात. तिने केबल धरायची, पण बेताने. फार घट्ट धरली तर केबलला तिथे नुसतं नवीन टोक मिळतं आणि पलीकडचा भाग पूर्वीसारखाच नाचतो. सैल धरली तर धरलीच नाही.

साहेब म्हणतात, न हलणाऱ्या केबलला डँपर कशाला. मी सही केली नाही तर माझी रवानगी जुन्या नकाशांच्या खोलीत होईल आणि सही दुसरं कुणीतरी करेल. खोलीचं मला काही नाही. त्या दुसऱ्या सहीची मला भीती वाटते, कारण रोज अशा हलणाऱ्या केबलचे धागे पायथ्याशी एकेक करून तुटतात.

तू एवढंच कर. केबल हलल्या की त्या दिवशीची हवा लिहून ठेव आणि मिनिटाला किती वेळा हलतात ते मोज. मला कळव, फक्त मला. साहेबांना लिहू नकोस. शाळेत गणिताच्या बाईंशी भांडायला आली होतीस, ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

येणं होत नाही त्याचा राग धरू नकोस. आधी बस, मग बोट, मग परत, दोन दिवस जातात. पूल झाला की तासाभरात दारात उभी राहीन.

तुझी
खुंटी


९ जून

चि. खुंटी,

आशीर्वाद. तोंड वर करून चालत जा, पोक काढू नकोस.

एप्रिलमध्ये पुलापर्यंत आलीस हे आज कळलं. पूल तेव्हा माझ्या बाजूला जोडला नव्हता, असं तू म्हणशील. म्हण.

आता कामाचं. पंचेचाळीस वर्षं मी रोज सकाळी हवा लिहून ठेवते, ती काही कविता करायला नव्हे. दमट हवेत सरस धरत नाही आणि कोरड्या हवेत व्हायोलिनचं पोट तडकतं. गिऱ्हाइकाने भांडण काढलं की मी वही पुढे करते. तुझं पत्र आल्यावर एप्रिलची पानं काढली. सतरा तारखेला लिहिलंय, "रिमझिम. वारा धक्क्याकडून, मध्यम. सरस लावला नाही. पूल नाचतो." बावीसला पुन्हा तेच. मेमध्ये तीनदा. मला वाटलं, नवीन पूल आहे, बसेल हळूहळू जागेवर. नवीन तार चढवली की तीही आठवडाभर रुसते.

साहेबांना लिहू नकोस म्हणतेस. मी कशाला लिहीन? मला का दुसरी कामं नाहीत? बाकावर दोन गिटार आणि एक पोट फुटलेलं चेलो पडलंय.

तुझ्या ऑफिसचं पाकीट मात्र छान आहे. जाड कागद. आणि पत्ता किती ठळक छापलाय.

तुझी
आत्या


१० जून

मा. कार्यालयप्रमुख यांस,

आपला पूल माझ्या खिडकीसमोर नाचतो. मला नाचाचं वावडं नाही. तरुणपणी मीही नाचले आहे. पण मी वाद्यं दुरुस्त करते, आणि समोर एवढ्या जाड तारा बेताल हलत असल्या की माझा हात चुकतो. त्या ताबडतोब शांत कराव्यात, अथवा निदान तालात हलवाव्यात.

आपली,
एक शांतताप्रिय नागरिक
(पत्ता मागे दिला आहे, कारण उत्तर हवं आहे.)


२२ जून

शांतताप्रिय नागरिक यांस,

आपली तक्रार प्राप्त झाली. तीस अनुसरून दि. १९ जून रोजी स्वच्छ सूर्यप्रकाशात पाहणी केली असता सर्व बावीस केबल पूर्णतः स्थिर आढळून आल्या. मी आजवर चार पूल बांधले असून त्यांपैकी एकाही पुलाने नृत्य केल्याची नोंद नाही. आपण चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, असे या कार्यालयाचे नम्र मत आहे.

कार्यालयप्रमुख


२५ जून

मा. कार्यालयप्रमुख यांस,

आपण सूर्यप्रकाशात येऊन गेलात हे वाचून करमणूक झाली. डॉक्टर आला की खोकला थांबतो, हे आमच्या गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक आहे.

चष्म्याचा नंबर मार्चमध्येच तपासला आहे. दुकानदार सांगेल. शिवाय मी खिडकीच्या काचेवर मेणाच्या पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आहेत. चांगल्या दिवशी नववी तार दोन्ही रेघांच्या बरोबर मध्ये स्वस्थ असते. रिमझिम आणि धक्क्याकडचा वारा असला की ती एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत ये-जा करते. काल मी मोजलं. नववी तार मिनिटाला ११६. दहावी १०४. अकरावी ९२. बाकीच्या सज्जन आहेत.

आपले चार पूल नाचले नाहीत, याबद्दल अभिनंदन. चार मुलं शांत निघाली म्हणून पाचवं निघतंच असं नाही.

एक शांतताप्रिय नागरिक


१४ जुलै

आत्या,

आज नमस्कार नाही.

आज साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर दोन पत्रं होती, तुझ्या वळणदार अक्षरातली. शेजारी माझा नोकरीचा अर्ज, "जवळचे नातेवाईक" या रकान्याशी उघडलेला. पत्ता एकच. साहेब म्हणाले, "तुम्ही तुमच्या आत्याच्या हातून तक्रारी लिहून घेता आणि आकडेही पुरवता?" मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. आकडे मी पहिल्यांदा तिथे पाहिले. मला तू काय कळवलं होतंस? "मोजणं चालू आहे, काळजी करू नको." ताकाला जाऊन भांडं लपवावं तर तूच.

आणि ते आकडे चूक आहेत. माझ्या गणिताप्रमाणे नववीचे हेलकावे मिनिटाला ५८, दहावीचे ५२, अकरावीचे ४७ यायला हवेत. मी साहेबांना म्हटलं, "मी पुरवले असते तर बरोबर पुरवले असते." ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही पुरवले नाहीत आणि ते चूकही आहेत. छान. मग त्यांची किंमत काय?" पुढच्या सोमवारी बदलीचा कागद निघेल.

तुला मी डँपरबद्दल लिहिलं होतं. फार घट्ट धरलं की केबल शांत होत नाही, फक्त हात धरलाय तिथे गप्प राहते आणि पलीकडे थरथरत राहते. तू मला लहानपणापासून तशी धरतेस. गणिताच्या बाईंपुढे तू भांडलीस, आणि वर्षभर मी त्या वर्गात मान वर केली नाही. माझ्यावर तुझा जीव आहे हे मला माहीत आहे. पण माझं भांडण माझ्या हातात राहू दे.

एवढंच सांग, तू मोजलंस तरी कसं? की मनाने आकडे टाकलेस?

खुंटी


१८ जुलै

चि. खुंटी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा राग आला आणि तिसऱ्यांदा रडू आलं. तुझं बरोबर आहे. बाईंच्या वेळचं मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, मी जिंकून आले.

मनाने आकडे टाकायला मी काय ज्योतिषी आहे? खिडकीत मेट्रोनोम ठेवला, तोच मिनिटाला हवे तेवढे ठोके देणारा जुना लाकडी, ज्याच्यासमोर बसून तू पाढे म्हणायचीस. दांडीवरचं वजन वर-खाली सरकवत राहिले, ठोका तारेशी जुळेपर्यंत. तार खाली गेली की टक. वर आली की टक. नववीशी जुळला तेव्हा वजन ११६ च्या खुणेवर होतं. दहा मिनिटं बघत होते, एक ठोका चुकला नाही. बाकीच्या दोन तशाच मोजल्या.

आता साहेबांना एक अक्षर लिहिणार नाही. कानाला खडा.

आत्या


२२ जुलै

ती. आत्या,

नमस्कार, आणि या वेळी वाकून. टेबल सरकवून केला.

तार खाली गेली की टक आणि वर आली की टक. अगं, तो एक हेलकावा झाला. आम्ही खाली जाऊन परत वर आली की एक मोजतो. तुझ्या ठोक्यांच्या हिशोबाने त्याचे दोन होतात. ११६ चे निम्मे ५८. १०४ चे निम्मे ५२. ९२ चे ४६, माझे ४७, कारण तुझ्या मेट्रोनोमवर ९२ च्या पुढची खूण थेट ९६ ची आहे, ९४ ला जागाच नाही. काल संध्याकाळी बसस्टॉपवर उभी होते तेव्हा माझ्या डोक्यात हा प्रकाश पडला. मी एकटीच हसले आणि शेजारचा माणूस दोन पावलं लांब सरकला.

आज तुझं पत्र घेऊन साहेबांकडे गेले. बोलले मीच. म्हटलं, "खोटं बोलणारा माणूस बरोबर आकडे देतो. तिन्ही केबलचे आकडे असे दुपटीने फक्त वाद्यवालीच चुकवू शकते. आणि चौऱ्याण्णवची खूण नसणं मी कुठून शिकवणार?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझी हिशोबाची फाइल मागितली आणि पहिल्यांदा पानं उलटून पाहिली. बदलीचा कागद खणात गेला. फाडला नाही, खणात ठेवला.

मी सही करणार नाही हेही सांगून आले.

एक राहिलं. माझ्या त्या पत्रात मी खरं लिहिलं, पण कठोर लिहिलं.

तुझी
खुंटी


२९ जुलै

शांतताप्रिय नागरिक यांस,

आपल्या निवासस्थानाच्या खिडकीतून प्रत्यक्ष पाहणी करण्याचे योजिले आहे. योग्य हवा सुरू होताच खालील क्रमांकावर दूरध्वनी करावा, मी मिळेल त्या बोटीने निघेन. पाहणीदरम्यान तक्रारदाराने आपले मत मांडू नये, अशी विनंती आहे. मेट्रोनोम चालेल.

कार्यालयप्रमुख


७ ऑगस्ट

चि. खुंटी,

तुझे साहेब काल येऊन गेले.

सकाळी सातला रिमझिम लागली, वारा धक्क्याकडून. मी फोन केला. ते अकराच्या बोटीने आले, गुडघ्यापर्यंत भिजलेले, आणि त्यांनी दारात पाऊल ठेवलं तेव्हा पाऊस थांबला. मी खोटं सांगत नाही, त्याच मिनिटाला. नववी दोन्ही रेघांच्या मध्ये, बाकीच्या दोघीही देवासारख्या स्वस्थ. साहेबांनी खिडकीतून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. स्टूल दिलं, चहा दिला. त्यांनी मोजे काढून चेलोच्या पेटीवर वाळत घातले. मी तरीही गप्प. खुंटी, जन्मात कुणापुढे इतकी गप्प बसले नसेन. भीती हीच, की आता हा माणूस उठतो, मोजे चढवतो आणि तुझा कागद खणातून बाहेर काढतो. तोंड उघडावंसं दहा वेळा वाटलं. दहाही वेळा तुझं पत्र आठवलं.

त्यांनी वेळ काढायला हवेची वही मागितली. एप्रिलपासून वाचत बसले. "'पूल नाचतो, सरस लावला नाही,'" मोठ्याने म्हणाले, "हे तक्रारीच्या आधीचं आहे." मी मान हलवली. मत मांडलं नाही.

पाऊण तासाने काच पुन्हा ओलसर झाली. आधी अकरावी हलली, मग दहावी, आणि शेवटी नववी निघाली ती दोन्ही रेघांच्या बाहेर. साहेब उठून उभे राहिले. घड्याळ लावून त्यांनी स्वतः मोजलं, तुमच्या पद्धतीने, खाली जाऊन वर आली की एक. अठ्ठावन्न. परत मोजलं. अठ्ठावन्न. मग मला म्हणाले, "जरा ते तुमचं यंत्र लावा." मी ११६ वर लावलं. आम्ही दोघं खिडकीत उभे होतो, ते अनवाणी, आणि टक-टक चालू होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "हा पूल मी एक सप्टेंबरला माणसांनी भरणार होतो." त्यांचा चेहरा उतरला होता. मला त्यांची दया आली, तुझ्यापासून काय लपवू.

पण साहेबी कुठे जाते? लगेच म्हणाले, "पायथ्याशी लोखंडी पट्ट्याने करकचून आवळून टाकतो तिन्ही." आता हे मत मांडणं झालं की नाही, तू ठरव. मी दुसरं, धडधाकट चेलो उचललं, तार छेडली आणि खालच्या टोकाशी बोटाने करकचून दाबली. तार वाजतच राहिली, सूर तेवढा बदलला. मग पुन्हा छेडली आणि मऊ लोकरी नमद्याचा तुकडा नुसता टेकवला. गप्प झाली. एवढंच केलं. म्हटलं, "पुढचं माझ्या भाचीच्या फाइलमध्ये आहे, तिलाच विचारा."

ते म्हणाले, "विचारतो." मोजे विसरून गेले. सोबत पाठवतेय, टेबलावर ठेव आणि काही बोलू नकोस. जाताना एक गोष्ट कळली. त्यांच्या घरी वडिलांचं व्हायोलिन आहे, मान निखळलेलं, वीस वर्षं कपाटावर. पुलांची मान धरतात आणि घरातलं हे असं.

तुझी
आत्या


१९ नोव्हेंबर

ती. आत्या,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, पण तू रोज खिडकीतून माझी पिवळी टोपी बघत होतीस हे पहारेकऱ्याने सांगितलं. रोज सकाळी हात करायचीस म्हणे. मी वर केबलकडे बघत असायचे.

उद्घाटन तीन महिने पुढे गेलं ते साहेबांनी स्वतःच्या नावावर घेतलं. वर कळवलं, "केबलच्या परीक्षणात माझी चूक झाली." असं वाक्य या ऑफिसात पहिल्यांदा टाइप झालं. टाइप करणारीने दोनदा विचारलं, असंच ना? डँपर बावीसही केबलला बसवले. तेल किती घट्ट ठेवायचं यावर आठवडाभर वाद झाला. साहेब दर वेळी "अजून थोडं घट्ट" म्हणायचे आणि मग माझ्याकडे बघून स्वतःच "नको" म्हणायचे.

काल हवा जुळली. बारीक पाऊस, वारा धक्क्याकडून. मी आणि साहेब नवव्या केबलखाली उभे राहिलो. पाण्याचा ओघळ चढताना डोळ्यांनी दिसला. केबल एकदा शहारली, पायथ्याशी डँपरची दांडी बोटभर आत गेली, बाहेर आली, आणि संपलं. दोन तास उभे होतो. पुन्हा काही नाही. मी तिथेच, साहेबांच्या पाठीवर कागद ठेवून, सही केली. अक्षर थोडं हललंय, साहेबांच्या पाठीला डँपर नाही.

बदलीचा कागद साहेबांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "याची होडी करा." केली. बुडाली.

एक डिसेंबरला पूल उघडतोय. मग तासाभराचं अंतर. कामं आटोपली की येतेच.

तुझी
खुंटी


२० डिसेंबर

मा. कार्यालयप्रमुख यांस,

जुलैमध्ये मी कानाला खडा लावला होता की आपणास एक अक्षर लिहिणार नाही. आज तो काढला. तक्रार जुनीच आहे, पूल नीट चालत नाही.

काल दिवसभर रिमझिम होती, वारा धक्क्याकडून. नववी तार दोन्ही रेघांच्या बरोबर मध्ये होती, संध्याकाळपर्यंत. मेट्रोनोम लावून बसले, पण त्याच्याशी जुळवायला समोर काही नव्हतं. वहीत लिहिलं, "रिमझिम. सरस लावला नाही. तारा स्वस्थ." तारांबद्दल तक्रार नाही. कामाला तोड नाही, आणि ज्या मुलीने ते केलं तिला मी अंगाखांद्यावर खेळवलं आहे, हे आता माझं गल्लीत सर्वांना सांगून झालं.

परंतु पूल उघडून वीस दिवस झाले. त्यावरून आजवर भाजीच्या गाड्या आल्या, शाळेची मुलं आली, दोन वरातींची बँडपथकं आली आणि एक हरवलेली शेळी आली. ज्या व्यक्तीने "पूल झाला की तासाभरात दारात उभी राहीन" असं लेखी कळवलं होतं (मूळ पत्र माझ्याजवळ आहे), ती आलेली नाही. म्हणजे पूल एका बाजूने बंद असावा. कृपया पाहणी करावी.

हे मी तिला सांगितलेलं नाही. मी तिला घट्ट धरत नाही. हे नुसतं बोट टेकवणं आहे.

एक शांतताप्रिय नागरिक

ता. क. आपलं व्हायोलिन कपाटावरून काढा. मान निखळलेली बरी करता येते, फक्त कुणीतरी आणून द्यावं लागतं.


२७ डिसेंबर

कार्यालयीन आदेश

केबल विभागाच्या अभियंता यांस कळविण्यात येते की,

दि. २० डिसेंबरची तक्रार या कार्यालयाने गांभीर्याने घेतली असून ती खरी असल्याचे आढळले आहे. संबंधित अभियंता यांनी आजपासून आठ दिवस नवव्या केबलची पाहणी तक्रारदाराच्या खिडकीतून करावी. पाहणीसाठी तेथेच राहावे, जेवावे आणि तक्रारदार बोलत असताना दुसरे वाक्य बोलू नये. सोबत कार्यालयप्रमुखांचे व्हायोलिन न्यावे व ते मांडीवर धरावे, घट्ट नाही, सैलही नाही.

फाइली नेण्यास मनाई आहे.

कार्यालयप्रमुख

प्रत: शांतताप्रिय नागरिक. चहा टाकून ठेवावा. ती निघाली आहे.